रिकाम्या गावातून

सुरंगखोल, ता. मालवण
१४ ऑक्टोबर २०२५

जानकीवन्सं, नमस्कार.

पत्र बघून छातीला हात लावू नका, तुमचे भाई ठीक आहेत. आत्ता खळ्यात बसून सुपाऱ्या सोलतायत आणि पुतण्याला, मंगेशला, शिव्या घालतायत. म्हणजे तब्येत उत्तम. फोन केला नाही, कारण घरातला फोन ह्यांच्या खिशात असतो आणि बोलणं सगळं स्पीकरवर, अर्ध्या वाडीला ऐकू जाईल असं. त्यात तुमच्या कानातलं यंत्र फोनवर शिट्टी घालतं. आणि मला तर बोलायचंय तुमच्या भावाच्या पाठीमागे.

शिमग्यात ह्यांना हार्ट ॲटॅक आला तेव्हा मी तुम्हाला "वेळेत पोचलो" एवढंच कळवलं होतं. वेळेत कसलं डोंबलाचं! पहिल्या हॉस्पिटलात सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड चालत होतं, पण हृदयाचे डॉक्टर मंगळवारी येणार, आणि तो होता शुक्रवार. दुसरीकडे डॉक्टर खुर्चीत बसलेले, पण काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे सरकारी कार्ड आमच्याकडे नाही, डिपॉझिट भरा." तिसरीकडे पोचेपर्यंत ह्यांचे ओठ जांभळे झाले होते. तिथला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी एवढं फिरवलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही." हे मी कोणाला सांगितलं नाही. ह्यांना तर मुळीच नाही.

तेव्हापासून मी शोधतेय. आमसुलं विकायला जाते म्हणून सांगायचं आणि एस.टी. पकडून हॉस्पिटलं हिंडायची. सगळीकडे एकच विचारते, "आता ह्या घटकेला माझा माणूस आणला तर त्याला हात कोण लावणार, आणि कार्ड चालणार का?" एके ठिकाणी म्हणाले, कार्ड ऑपरेशनला चालतं, आधी तारीख घ्या. मी म्हटलं, ॲटॅक तारीख घेऊन येतो काय रे मेल्या? तर हसला. मला काही हसू आलं नाही.

तुमच्या सृष्टीला कॉम्प्युटरचं सगळं कळतं. सरकारची यादी असते म्हणे, कुठे कुठे कार्ड चालतं त्याची. तिला बघायला सांगा. जरा घाई करा, कारण यंदा देवाने कौल दिलाय, देवदिवाळी उलटली की गावपळण. सृष्टीने कधी बघितली नाही, तिला सांगा : तीन दिवस अख्खं गाव रिकामं करायचं, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा घेऊन वेशीबाहेर झोपड्या बांधून राहायचं, आणि देव परत बोलावीपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. तुमचे भाई पडले गावचे घाडी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा, त्यामुळे आपली झोपडी पूर्वेला सड्यावर, वरच्या उघड्या कातळाच्या माळावर. त्या सड्यावर ह्यांना काही झालं तर?

उत्तर माझ्या नावावर पाठवा. पोस्टमन शिवा माझ्याच हातात देतो.

तुमची
नर्मदावयनी


बदलापूर
२६ ऑक्टोबर

वयनी,

तुझं पत्र आलं आणि दिवाळी माझ्या घशाखाली उतरली नाही. एवढं सगळं झालं आणि मला सात महिन्यांनी कळवतेस? मी काय परकी? लग्न होऊन बाहेर पडले म्हणून भाऊ माझा राहिला नाही का? बरं, भांडण नंतर.

सृष्टीने दोन दिवस कॉम्प्युटरवर यादी धुंडाळली. यादीत नावं पुष्कळ. मी तिला म्हटलं, नुसत्या नावांवर जाऊ नकोस, प्रत्येकाला फोन लाव आणि वयनीचाच प्रश्न विचार. बहुतेकांनी "मॅडम, उद्या करा" म्हणून सांगितलं. एका ठिकाणी मात्र स्वतः डॉक्टरीणच फोनवर आली. डॉ. अक्षया मेस्त्री, मूळ वालावलची. पुण्यात शिकून आली, इमर्जन्सीचं वेगळं शिक्षण घेतलंय. मला वाटलं इमर्जन्सी म्हणजे जो समोर असेल तो डॉक्टर बघतो. सृष्टी म्हणते, नाही गं आई, ॲटॅक, साप, अपघात, लकवा, पहिल्या तासात काय करायचं त्याचंच ते शिक्षण. आणि कार्ड चालतं. आणि हॉस्पिटल कुठे, ठाऊक आहे? आपल्या चिंचेच्या तिठ्यावर! पश्चिमेच्या वेशीबाहेर, अगदी लागून! तू कणकवलीपासून कुडाळपर्यंत आमसुलं विकत हिंडलीस आणि नाकासमोरची पाटी वाचली नाहीस.

आता गावपळणीचं. वयनी, घाड्याची झोपडी सड्यावरच हवी. तिथून देवळाचा कळस दिसतो. बाबा सांगायचे, तो दिसतो म्हणून गाव सोडलं तरी गाव सुटत नाही. इथे बदलापुरात आमच्या सोसायटीत मी हे सांगते तेव्हा बायका ऐकत राहतात. ते मोडायचा विचार करू नकोस. डॉक्टरीण मिळाली ना, आता देवावर सोड.

भाईला माझा निरोप सांग, सुपाऱ्या पाठव म्हणावं.

जानकी


सुरंगखोल
७ नोव्हेंबर

जानकीवन्सं,

पाटी नाकासमोरची नव्हती. पाटीवर कामत मेडिकलचा बोर्ड वाकून आलाय. तरी चुकले ते चुकले, हसा.

गेले मी. तिठ्यावरचं ते जुनं तांदळाचं गोदाम होतं ना, तिथेच. आत गेल्यावर औषधाचा वास, आणि डॉक्टरीण कोपऱ्यात उभ्याउभ्या चपाती-भाजी खात होती. मी विचारलं, "डॉक्टर खंय आसत?" म्हणाली, "मीच. बसा काकी, काय होतंय?" मंगेशच्या बायकोपेक्षा, भक्तीपेक्षा लहान दिसते हो! मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तिने चपाती खाली ठेवली. म्हणाली, "मी आणि माझ्या जोडीचा डॉक्टर, आमच्यापैकी एक जण इथे असतोच. ॲटॅकचं इंजेक्शन आमच्याकडे आहे. ते दिलं की मग पुढे मोठ्या ठिकाणी आम्हीच पाठवतो. कार्ड चालतं. आणि काकी, घाईत कार्ड घरी राहिलं तरी माणूस आणा. कार्ड मागाहून बघू."

वन्सं, आठ महिने हिंडले, पण "माणूस आणा" असं कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच डोळ्याला पदर लावला. तिने बिचारीने मला पाणी दिलं आणि माझंच ब्लडप्रेशर बघितलं.

मग ह्यांना घेऊन गेले. मी सांगितलं, माझा गुडघा दाखवायचाय, सोबत चला. तिथे गेल्यावर डॉक्टरणीने गुडघा सोडून ह्यांचीच छाती तपासली. रात्री जेवताना म्हणाले, "पोरगी बरी आसा. हातात जीव आसा तिच्या." आणि मला म्हणाले, "तुज्या गुडघ्याक काय झाला ता कळला माका." म्हणजे सगळं कळलं.

तेव्हा मीही लोखंड तापलंय बघून बोलले. म्हटलं, यंदा आपली झोपडी तिठ्याकडे बांधू. भाकरीचा तुकडा ताटात टाकून उठले. "घाड्याची झोपडी सड्यावरच. आणि माका काय होवचा नाय."

तर आता माझा प्रश्न वेगळाच झालाय, आणि तो तुम्हालाच विचारते, कारण इथे कोणाला विचारायची सोय नाही. सड्यावरून तिठ्याला जायचं तर गाडीची वाट दोन गावं फिरून, धोंड्यांतून. मधून, आपल्या गावातून, सरळ उतार, बघता बघता तिठा. पण गावपळणीत गावातून जायचं नाही. वेळ आलीच तर काय करू? तुम्ही घाड्याची लेक. तुम्ही सांगा.

नर्मदा


बदलापूर
१५ नोव्हेंबर

वयनी,

असलं काही मनात आणू नकोस. सरळ सांगते, नाही.

तुला एक सांगते, जे तुला ह्या घरात येऊन चाळीस वर्षं झाली तरी कोणी सांगितलं नसेल. भाईनंतर आणि माझ्या आधी आम्हाला एक भाऊ होता. गावपळणीत सड्यावरच त्याला ताप भरला. तापाने आकडी आली. गावात वैद्य होते ते आमच्यासारखेच बाहेर, पण दुसऱ्या टोकाला, तिठ्याकडे झोपडी बांधून. बाबा घाडी. बाबा गावातून गेले नाहीत. फिरून गेले. परत आले तेव्हा आई त्याला मांडीवर घेऊन तशीच बसली होती. त्याचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. आई तेव्हा एक शब्द बोलली नाही, आणि पुढे जन्मभर सगळ्या गावपळणींना त्याच सड्यावर जाऊन राहिली.

तेव्हा तूही तसंच राहा. गाव असं टिकलंय.

सृष्टी विचारत होती काय लिहितेस, तिला सांगितलं नाही.

सड्यावर गेलात की कोणाच्या तरी फोनवरून सृष्टीला कळव. भाईला स्वेटर घालायला लाव.

जानकी


बदलापूर
१० डिसेंबर

नर्मदावयनी,

हे पत्र मिळेल तेव्हा तू कुठे असशील ते मला माहीत नाही. काल आपल्या वाडीतल्या दीपिकाचा फोन आला सृष्टीला. म्हणाली, नर्मदाकाकीने गावातून गाडी नेली. गावपळणीत! भर दुपारी! म्हणाली, आणि आज देवाने कौल दिला नाही, गाव अजून बाहेर आहे, म्हातारीकोतारी थंडीत कुडकुडतायत.

मी तुला नाही म्हटलं होतं. स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं. तुला जे कधी कोणाला सांगितलं नाही ते सांगितलं, आणि तू त्याची किंमत ही केलीस? बाबांनी स्वतःचं पोर घालवलं पण शब्द मोडला नाही. उद्या लोक काय म्हणतील, घाड्याच्या घरातल्या बाईनेच गावपळण बाटवली. आम्ही मुंबईकडची माणसं कोणत्या तोंडाने गणपतीला येणार?

आणि भाई कसा आहे ते कोणी नीट सांगत नाही. दीपिका म्हणते "बरो आसा म्हणतत". म्हणतत म्हणजे काय? मंगेश फोन उचलत नाही. तू कळवत नाहीस. मला काहीही कळव. वाईट असलं तरी कळव. वयनी, मी इथे दोन दिवस भात खाल्ला नाही.

जानकी


चिंचेचा तिठा
१३ डिसेंबर

जानकीवन्सं,

आधी भात खा. तुमचे भाई जिवंत आहेत. समोर खाटेवर बसून पेज पितायत आणि त्यात मीठ कमी म्हणून कुरकुरतायत. आता पुढचं वाचा. मला जे म्हणायचं ते म्हणा, मी ऐकून घेईन, पण काय झालं ते माझ्याकडून कळू दे, दीपिकाकडून नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. भात आणि सुक्या बांगड्याची किसमूर, सड्यावर तेच गोड लागतं. हे म्हणाले, "माका जरा पडूक व्हया." बघते तर चेहरा मातीसारखा, आणि घामाने सदरा भिजलेला. डाव्या हाताची मूठ उघडेना. मंगेशने डॉक्टरणीला फोन लावला. ती स्वतः गाडी घेऊन आली. फिरून आली, कारण गाडी चालवायला लवू होता. आपल्याच खालच्या वाडीतल्या नारायण सुताराचा लवू. गावातून गाडी घालणं त्याच्या मनातसुद्धा आलं नसणार.

डॉक्टरणीने छातीला वायरी लावून पट्टी काढली, एक गोळी चावायला दिली, आणि माझ्याजवळ आली. म्हणाली, "काकी, मी तुम्हाला चुकीचं सांगणार नाही. मोठा ॲटॅक आहे. इंजेक्शन तिठ्यावरच, मशीन लावून द्यावं लागतं. फिरून गेलो तर काय होईल ते माझ्याने सांगवत नाही. तुमच्या गावाचं मला माहीत आहे. मी 'चला' म्हणणार नाही. तुम्ही सांगा."

लवूच्या डोळ्यांत पाणी. "काकी, काय ता सांगा, पण गावातसून गाडी माज्यान घालवची नाय." सगळी वाडी गोळा झाली होती. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. सगळे मंगेशकडे बघत होते, कारण ह्यांच्यानंतर गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. देवाला विचारून गेलो तर गेलो, असं सगळ्यांच्या मनात होतं, पण विचारणार कोण? ज्याने विचारायचं तो स्ट्रेचरवर. मंगेशने कळसाकडे हात जोडले आणि तसाच खाली बसला. पोर ह्यांच्या मांडीवर वाढलंय, त्याचं तरी काय चुकलं?

तुमचं पत्र माझ्या पोलक्यात होतं. मला तुमच्या आई दिसल्या, मांडीवर पोर घेऊन बसलेल्या. त्या बोलल्या नाहीत कारण त्यांना कोणी बोलूच दिलं नसतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण मला तसं बसायचं नव्हतं हो. मला नवरा हवा होता.

मी कळसाकडे तोंड करून उभी राहिले, डोक्यावरून पदर घेतला, आणि गाऱ्हाणं घातलं. बाईने. घाड्याच्या बायकोने. कोणी ऐकलंय असं? चाळीस वर्षं ह्यांच्यामागे उभी राहून ऐकलेलं, शब्द आपसूक येत गेले. "बा देवा रवळनाथा, आई सातेरी, आज तुजी लेकरा वेशीभायर बसली आसत, तेंका सांभाळ म्हाराजा!" म्हटलं आणि थांबले, कारण इथे सगळ्यांनी हुंकार द्यायचा असतो. कोणी दिला नाही. सड्यावर नुसता वारा. वन्सं, मला वाटलं, संपलं.

तेव्हा मागून हौसाबाई, ती नव्वदीची म्हातारी, जिला दिसत नाही की धड ऐकू येत नाही, ती किंचाळली, "व्हय म्हाराजा!" आणि मग सगळे. बायका, पोरं, लवू, मंगेश. "व्हय म्हाराजा!" मी पुढे म्हणत गेले आणि ते हुंकार देत गेले. संपलं तसा लवू जाऊन स्टिअरिंगवर बसला आणि त्याने गाडी गावाकडे वळवली. आम्ही गावातून उतरलो. सगळी दारं बंद, खळ्यांत पालापाचोळा, एक पाखरू बोलत नव्हतं. आपल्या दारावरून गाडी गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तर तिठा.

इंजेक्शन दिलं. संध्याकाळी ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. कार्ड खरंच मागाहून बघितलं. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला नेऊन नस साफ करायचीय, तेही डॉक्टरणीनेच ठरवून दिलंय.

कौलाचं म्हणाल तर चौथ्या दिवशी दिला नाही हे खरं. आमच्यामुळे की काय, मला माहीत नाही. मंगेश सांगतो, काही जण तसं बोलले. पाचव्या दिवशी दिला. गाव आत गेलं, चुली पेटल्या. आपल्या घरचा दिवा मंगेशने लावला. मला जे बोल लावायचे ते लावतील, मी परतल्यावर ऐकेन. आजच्या दिवशी मला कोणाची भीती वाटत नाही.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते अजून सांगितलंच नाही. काल हे जरा तरतरीत झाले. मी पाय चेपत होते. एकदम म्हणाले, "सगळा ऐकला मी त्या दिवशी." माझा हात थांबला. म्हटलं, आता हे चिडणार, आणि चिडले की छाती. म्हणाले, "पोराटोरांसाठी मागलंस. गुरावासरांसाठी मागलंस. मुंबैक गेलेल्या चाकरमान्यांसाठी मागलंस. माज्यासाठी काय मागलंस गो?"

मी आठवत बसले. आणि वन्सं, खरंच! मी ह्यांचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. गावातून जाऊ दे असंही म्हटलं नव्हतं. ज्याच्यासाठी देवासमोर उभी राहिले तेच विसरले, आणि ह्यांच्या तोंडून जे चाळीस वर्षं ऐकलं ते सगळं जसंच्या तसं म्हणून मोकळी झाले. ह्यांनी स्वतःसाठी कधी मागितलंच नाही, तर माझ्या तोंडात ते येणार कुठून? आणि गावाने त्यालाच हुंकार देऊन गाडी सोडली.

मला रडू आलं आणि हसूही आलं. हे म्हणाले, "आता म्हण. रवलेला तेवढा म्हण."

मी म्हटलं, "हयसर? हॉस्पिटलात?"

"देव काय सड्यावरच बसता?"

मग मी खाटेशेजारी उभी राहिले, पदर घेतला, आणि ह्यांचं नाव घेऊन देवाकडे मागितलं. उभ्या आयुष्यात ह्यांचं नाव मी मोठ्याने घेतलं नव्हतं. म्हणून झालं, आणि खोलीत हुंकार द्यायला कोणी नव्हतं. तेव्हा ह्यांनी, ज्यांनी जन्मभर पुढे उभं राहून गाऱ्हाणी घातली, त्यांनी उशीवरून डोकं उचललं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

तुमची
नर्मदा